काचेच्या दाराआधी

अध्यक्षस्थानी असलेले आदरणीय बिशप महोदय, व्यासपीठावरील विश्वस्त व डॉक्टर मंडळी, ज्यांना निरोप देताना जीभ जड होते त्या आमच्या वंध्यत्व विभागाच्या डॉक्टर सिस्टर, आणि सभागृहातील बंधू-भगिनींनो,

सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, नीतिशास्त्र शिकवणाऱ्या फादरच्या हाती माइक दिला की तो तास घेणारच, घेऊ द्या! ख्रिस्तसभा वंध्यत्वावरील उपचारांच्या विरोधात आहे, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. गुडघे दुखणाऱ्याला काठी आधार देते. पण त्याला घरी बसवून त्याच्या वतीने दुसराच फिरून आला, तर त्याला आधार म्हणाल का? दांपत्याच्या मीलनाला साहाय्य करणारा उपचार मान्य; त्याची जागा घेऊन प्रयोगशाळेत गर्भ घडवणारा अमान्य. मूल हे दान आहे, हक्क नव्हे. म्हणूनच या रुग्णालयात अशा उपचारांसाठी दांपत्याची पात्रता ठरवणारी समिती आहे, आणि मी तिचा सभासद.

सिस्टरांची एक रीत होती. नवऱ्याला आणि सासूला बाहेरच्या बाकावर बसवायचे आणि सुनेशी दार लावून बोलायचे. आमच्या मनात पाल चुकचुकली. समोरच्या टेस्ट ट्यूब बेबीच्या प्रयोगशाळेचा पत्ता तर देत नसतील?

एकदा एक सासूबाई (कोण, ते विचारू नका) सुनेला घेऊन समितीसमोर तणतणत आल्या. "लग्न चर्चमध्ये लावलंय, रिपोर्ट चांगले आहेत, तरी सिस्टर हिला पात्र नाही म्हणतात! तुमच्या सिस्टरनं आत हिचे काय कान फुंकले, देव जाणे!"

आम्हीही सिस्टरांना धारेवर धरले. त्या म्हणाल्या, "फादर, उत्तर तिचं आहे, ते मी सांगणार नाही. प्रश्न सांगते. 'बाई, तुला स्वतःला मूल हवंय का?'"

"अगं बाई! हे काय विचारायचं असतं?" सासूबाई उद्गारल्या.

खाली मान घालून उभ्या असलेल्या सुनेने तेव्हा प्रथमच मान वर केली. आणि आम्ही? आम्ही लग्न तपासले होते, रिपोर्ट तपासले होते. हा प्रश्न आमच्याही यादीत नव्हता! वास्तविक, जोडीदाराच्या इच्छेविरुद्ध लादलेले मीलन हे प्रेमच नव्हे, हीसुद्धा ख्रिस्तसभेचीच शिकवण. ज्याला चालायचेच नाही, त्याच्या पाठीत घातलेली काठी आधाराची कशी?

शंका घेणे हा माझा धर्मच झाला आहे. आता त्या शंकेने फक्त दिशा बदलली आहे. आज येताना त्या खोलीवरून आलो. दार नवे आहे. काचेचे. 'पारदर्शकतेसाठी' म्हणे! बाकावरून आतल्या बाईचे ओठसुद्धा वाचता येतात. सिस्टरांची मुदत बाकी असताना निरोप आज, आणि काच कालच. निव्वळ योगायोग? सूचना कोणाची, असे विचारले की व्यासपीठावरचा प्रत्येक जण शेजाऱ्याकडे पाहतो. पाहा, आत्ताही पाहत आहेत!

सिस्टर, आपले मनःपूर्वक आभार. बोलण्याच्या भरात तोल गेला असेल, तर सर्वांनी मोठ्या मनाने पदरात घ्यावे. फक्त बिशप महोदय, उद्या सकाळी त्या खोलीत पहिली बाई येईल. तोवर काचेवर निदान एक पडदा लागावा, एवढे बघाल का?