सोमवारची दुरुस्ती

सकाळचे ऊन ओसियेक शहरातल्या ट्रामच्या काचेवरून सावकाश खाली उतरले, रिकाम्या आसनांवर क्षणभर रेंगाळले आणि नेवेनच्या मिटलेल्या बोटांवर येऊन थांबले. पुढच्या बाकावर दोन अनोळखी बायका बोलत होत्या.

“दोन बटणं दाबली की अख्खं पत्र उमटतं म्हणतेस?”

“हो ना. आमच्या ल्युबिकाला कचेरीतल्या एका मुलानं संगणकावर तशी स्क्रिप्ट लिहून दिलीय. दर सोमवारी दुरुस्त करायला येतो.”

“इतकी बिघडते?”

“बिघडते कसली. हीच मधली एखादी ओळ पुसून ठेवते.”

“का गं?”

“तो घटकाभर शेजारी बसावा म्हणून.”

“आणि तो?”

“ओळ लिहितो, ‘झालं’ म्हणतो आणि जातो. वर्ष झालं. आज रियेकाला बदलीचा अर्ज देतेय ती.”

स्क्रिप्टमधली ओळ आपोआप पुसली जात नाही, हे नेवेनला दुरुस्तीच्या पहिल्याच सोमवारी कळले होते.