पुसलेला चमचा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे पाहुणे, समोर बसलेले सहकारी आणि त्यांची घरची मंडळी, आणि ज्यांना आज आम्ही नाइलाजानं नोकरीतून मोकळं करतो आहोत त्या आमच्या बाई,

मला पाच मिनिटं दिली आहेत. बाईंच्या हाताखाली एकवीस वर्षं काढलेल्या बाईला पाच मिनिटं! हा अध्यक्षांचा विनोद समजून मी सुरुवात करते.

बाईंना आम्ही माघारी भिंगबाई म्हणायचो. माघारी म्हणजे आमच्या समजुतीनं. त्यांना ते पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की जेवणाची सुट्टी कधी संपली याचा त्यांना पत्ता नसायचा. पाहायच्या काय? औषधाचे स्फटिक. घरच्या मंडळींसाठी सांगते. बॅग तीच, कपडे तेच. कोंबून भरले तर चेन उघडताच बाहेर येतात, घड्या घालून भरले तर जागचे हलत नाहीत. औषधाचंही तसंच, औषध तेच, आतली रचना वेगळी. कोंबलेलं रूप पोटात पटकन विरघळतं, पण ते कधी घड्या घालून बसेल याचा नेम नाही.

आमचं औषध यकृताचं. पित्त तुंबतं आणि अंगाला अखंड खाज सुटते, त्या आजारावरचं. आमचं स्टोअर सांभाळणाऱ्या काकांच्या ताईंना तोच आजार होता आणि चाचणीच्या यादीत त्यांचं नाव लागलं होतं. काका रोज सकाळी डोकावायचे, "बाई, आमच्या ताईची गोळी कुठवर आली?" ताई तेव्हा हातमोजे घालून झोपायच्या, झोपेत खाजवून रक्त निघू नये म्हणून.

चाचणीच्या गोळ्या रुग्णांकडे जायला तीन आठवडे राहिले आणि एका बाटलीत बाईंना नेहमीच्या सुईसारख्या स्फटिकांऐवजी चपटे, पापुद्र्यांसारखे स्फटिक दिसले. शेकडो बाटल्यांत एक. आम्ही म्हटलं, फेकून द्या, काहीतरी कचरा पडला असेल. बाई म्हणाल्या, "आलंय कोण ते तरी बघू!" बाटली सील करून त्यांनी चिठ्ठी लावली: कुणीही हात लावू नये.

आता तुम्हीच सांगा, अशी चिठ्ठी वाचून कुणाचे हात शिवशिवणार नाहीत?

जेवणाच्या सुट्टीत मी ती बाटली उघडली. चपट्या चमच्याच्या टोकावर कणभर घेतलं, भिंगाखाली पाहिलं, बाटली पुन्हा बंद केली. चमचा पुसला. धुतला नाही, पुसला. आणि दुपारी तोच चमचा जुन्या औषधाच्या द्रावणात घातला. चार दिवसांत जुनं रूप यायचंच बंद झालं. नव्या रूपाचा डोळ्याला न दिसणारा कणसुद्धा बाकीच्यांना आपल्यासारखं करून टाकतो, हे मी परीक्षेत चार पानं लिहिलं होतं. भांडी बदलली, खोली धुऊन काढली, उपयोग शून्य.

मी रडत बाईंकडे गेले, सगळं सांगितलं. वाटलं, नोकरी गेली. बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "रडणं राहू दे. दिसलं काय तुला? कडा सरळ होत्या की तिरक्या?" अर्धा तास माझ्याकडून चित्रं काढून घेतली. मग म्हणाल्या, "आता तो चमचा धू."

बैठकीत त्या एवढंच बोलल्या: "चूक माझ्या विभागात झाली. पण आज इथे झालं ते उद्या रुग्णाच्या बाटलीत झालं असतं. त्यानं रोज गोळी घेतली असती आणि ती विरघळली नसती." खरंच होतं. पण नवं रूप पोटात विरघळेल अशी गोळी करायला चौदा महिने लागले. काकांना ते सांगायला बाई स्वतः स्टोअरमध्ये गेल्या. काका वर्षभर त्यांच्याशी अवाक्षर बोलले नाहीत. तो राग माझ्या वाट्याचा होता, आणि सोसत होत्या बाई.

आज ती गोळी बाजारात आहे, वर्षानुवर्षं कपाटात राहिली तरी बदलत नाही. त्याचं कौतुक पाहुण्यांनी केलंच. परवा मी बाईंना विचारलं, हे सगळं उघड सांगू का? तर म्हणाल्या, "सांग की! मलाही बघायचंय, लोक काय म्हणतात."

पाचाची दहा मिनिटं होऊ दिल्याबद्दल अध्यक्षांचे आभार, आणि चुळबूळ न करता ऐकल्याबद्दल तुम्हा सर्वांचे. कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर तेवढं पोटात घाला.

चमच्याचं मात्र पोटात घाला, असं मी म्हणणार नाही. तिसऱ्या रांगेत काकांच्या शेजारी ताई बसल्या आहेत. ताई, ते चौदा महिने तुम्ही कसे काढलेत, हे मी इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाही, भीती वाटायची. आज विचारते. कार्यक्रम संपला की मी तुमच्याजवळ येऊन बसेन. तुम्ही सांगाल ते सगळं मला ऐकायचं आहे.