दोन-सहाचा हात

तुळजाबाई : अगं हळू! हात हाय माझा, उसाचं कांडं न्हाय.

शबनम : तिसरी बांगडी फुटली, नानी.

हमिदाबी : फुटली म्हणू नये बेटा. वाढली म्हणावं.

शबनम : वाढली, तर माझे पैसे का कमी झाले?

तुळजाबाई : हमिदाबी, नात लई तिखट हाय तुमची. कितवीला गं?

शबनम : पाचवीला. मावशी, त्या तिन्हींचे पंधरा रुपये वेगळे होतील.

तुळजाबाई : वेगळे? चाळीस वर्सं अणदूरच्या खंडोबाला येते, तुझ्या नानीकडंच हात देते. असलं कधी ऐकलं न्हाय बाई.

हमिदाबी : घालताना वाढली ती आपली. गिऱ्हाइकाची न्हाय.

शबनम : हात त्यांचा कडक, आन् नुकसान माझं? शाळेत बाईंनी सांगितलंय, खर्च किमतीत धरायचा असतो.

हमिदाबी : साठ रुपये डझनात तो म्या धरलाय. तुझ्या बाई शाळेत जायच्या आधीपासनं धरते.

तुळजाबाई : आन् तुला एवढी पंधरा रुपयांची घाई कशापायी?

शबनम : आज ही पेटी नानीनं मला दिलीय. सांजच्याला तिचे सहाशे परत करायचे, वरचं माझं. सहाशे भरले न्हाईत, तर पुढच्या रविवारी पेटी न्हाय.

तुळजाबाई : मंग? झाले किती?

शबनम : पाचशे चाळीस. तुमचे साठ आले की बरोब्बर सहाशे. नफा तर सकाळीच फुटला, म्हंजे वाढला.

तुळजाबाई : (हसत) भर बाई, भर मंग लवकर. उन्हं उतरली, बाजार उठला, माझी गाडी जाईल.

शबनम : झालंच. बघा, आता कशा सरकन चालल्यात! सा ह्या हातात, सा त्या हातात.

तुळजाबाई : आगं, जादूच की! कळलंबी न्हाय.

हमिदाबी : तुळजाबाई, जरा हात खाली सोडा.

तुळजाबाई : सोडला. अरे द्येवा... पार बोटांवर आल्या की ह्या.

हमिदाबी : दोन-आठच्या मापाच्या हायत त्या. ह्यांचा हात दोन-सहाचा. उद्या म्हशीखाली बसतील, तवा पहिली बांगडी दुधाच्या बादलीत.

शबनम : दोन-सहाच्या बाराच उरल्यात, नानी! त्यातली एक जरी गेली तर अकरा. पंचावन्नच येतील.

हमिदाबी : व्हय.

शबनम : मग पाच कमी पडतील.

हमिदाबी : पडतील.

शबनम : पाचासाठी तू पेटी काढून घेशील?

हमिदाबी : घेईन. जबान दिलीय म्या. तूबी दिलीयस.

तुळजाबाई : ऱ्हाऊ द्या हो. लेकराचा जीव केवढा! ह्याच घालून जाते मी. घरी गेल्यावर सुनंला देईन, तिचा हात मोठा हाय.

हमिदाबी : ते तुमी दोघी बघा. पेटी तिची, गिऱ्हाईक तिचं. मी मधी बोलायची न्हाय.

तुळजाबाई : घे गं पोरी साठ रुपये. मोड हाय माझ्याकडं.

शबनम : (तुळजाबाईंचा हात पुन्हा खाली सोडून बघते)

तुळजाबाई : घे की! बघतीस काय?

शबनम : थांबा. काढते त्या, दोन-सहाच्या भरते.

तुळजाबाई : आगं, पुन्हा पिचली म्हंजे?

शबनम : पिचली तर पिचली. हात ह्या पाण्यात बुडवा. अंगठा आत घ्या. असं न्हाय, तुम्ही अजून आवळूनच धरलाय.

तुळजाबाई : म्या कुठं आवळलाय? जन्माचं खुरपं धरून तसाच झालाय तो.

शबनम : बोला मग काहीतरी. नानी सारखी गिऱ्हाइकाशी बोलत बसते, मला वाटायचं गप्पा मारती. बोलताना हात ढिला पडतो, व्हय ना नानी?

हमिदाबी : मी बोलायची न्हाय म्हणलं ना.

तुळजाबाई : काय बोलू बाई आता? जात्यावरचं म्हणू एखादं?

शबनम : म्हणा.

तुळजाबाई : हात माझा रापलेला, हसू नगं गं कासारणी... काळ्या रानात राबतो, जोंधळ्याला घाली पाणी...

शबनम : एक चढली. पुढचं म्हणा.