नकाशाचा प्लगइन

(तक्रार नोंदणी कार्यालय. साहेबांची केबिन. टेबलासमोर कार्यालयाची संगणक तंत्रज्ञ उभी आहे.)

तंत्रज्ञ: बसत नाही मी. त्या शिवणकाम करणाऱ्या आजी बाहेर बाकावर बसल्यात. त्यांना जाऊन काय सांगू, ते आधी बोला.

साहेब: सांग, तांत्रिक बिघाड झाला. तो नकाशाचा प्लगइन नवीन होता, त्यात काहीतरी गडबड होती.

तंत्रज्ञ: काही गडबड नव्हती. आपण तक्रारी वेबसाइटवर टाकतो त्या टूलमध्ये मीच तो बसवला. तक्त्यात अक्षांश-रेखांश दिसले की तो आपणहून नकाशा काढतो आणि प्रत्येक तक्रारीच्या जागी टाचणी रोवतो. त्याचं कामच ते. म्हणून तर मी म्हणत होते, सेटिंगमध्ये दशांशाचे आकडे कमी करू. टाचणी वस्तीपर्यंत जाऊ दे, घरापर्यंत नको.

साहेब: मग वरून पाहणीला आलेल्या मंडळींना काय दाखवलं असतं, धुरळा? आणि नावं काढली होती ना आपण? रंगाच्या कारखान्याची तक्रार कोणी केली, ते कुठेही छापलेलं नाही.

तंत्रज्ञ: नाव नाही छापलं. उंबरा छापला.

साहेब: अगं, पण झालंय काय एवढं? मारहाण केली का कुणी?

तंत्रज्ञ: नाही. कारखान्याची दोन माणसं आली. मोबाइलवर नकाशा मोठा करत करत आजींच्या पत्र्यापर्यंत आणला आणि विचारलं, हे तुमचंच ना? मग पाणी मागितलं. अर्धा तास बसून राहिली. पुढच्या वेळी नाल्याला वास आला तर कार्यालयाला कशाला त्रास, आम्हालाच सांगा, म्हणाली. निघताना एकाने मशीनवरच्या कापडाला हात पुसले. गिऱ्हाइकाचं कापड. बाकी सगळं आजींनी नीट सांगितलं, तेवढं सांगताना रडल्या.

साहेब: वाईट झालं. फारच वाईट. काढून टाक तो नकाशा.

तंत्रज्ञ: सकाळीच काढला. आठवडाभर ज्यांनी ज्यांनी उतरवून घेतला त्यांच्याकडून कसा काढू? दोनशे बारा घरं आहेत त्यात. मला आज डबा उघडवला नाही. शिसारी आलीये नुसती. सकाळी वाटलं, स्वतःचीच. बसवणारी मीच ना.

साहेब: एवढं मनाला लावून घेऊ नकोस. कुणाच्या लक्षात आलं असतं हे?

तंत्रज्ञ: तुमच्या आलं होतं.

साहेब: म्हणजे?

तंत्रज्ञ: नकाशा काढायला सेटिंगची फाइल उघडली. त्यात एक ओळ मी लिहिलेली नाही. सत्त्याऐंशी नंबरची तक्रार नकाशावर दाखवू नये, अशी. नकाशा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, तुमच्या लॉगिनवरून.

साहेब: मला त्या फाइलींतलं काय कळतंय?

तंत्रज्ञ: मलाही तसंच वाटायचं. मेलला फोटो जोडायचा तरी मला हाक मारता. पण ओळ बिनचूक आहे हो. एक कंस इकडचा तिकडे नाही. मग सत्त्याऐंशी नंबरचा पत्ता पाहिला मी. तुमच्या आईंचं घर.

साहेब: दार लाव.

तंत्रज्ञ: लावलेलंच आहे.

साहेब: मी नको म्हणत होतो तिला. ऐकेल तर ना. म्हणाली, रात्रंदिवस खोकते मी, आणि तक्रारही करू नको म्हणतोस?

तंत्रज्ञ: त्यांनी केलं ते बरोबरच केलं.

साहेब: मग मी काय करायला हवं होतं? तूच सांग. त्या कारखान्याची माणसं मला माहीत आहेत. कशी आहेत ते माहीत आहे.

तंत्रज्ञ: माहीत होतं. आणि तरी दोनशे बारा जणांच्या दारात टाचण्या रोवल्यात. माझ्या हाताने.

साहेब: पंच्याहत्तरी उलटलीये तिची. गुडघे धड वाकत नाहीत. एकटी राहते गं ती.

तंत्रज्ञ: आजीही एकट्याच राहतात, साहेब. त्यांना आत पाठवते.