पगार दुप्पट, कर निम्मा

...आणि परवा रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही तो कशापायी, तर आमचा टिल सोमवारी स्वित्झर्लंडमधल्या नोकरीला 'हो' म्हणून मोकळा होणार या धास्तीनं! जर्मनीतलं, कॉन्स्टान्सचं घर सोडायचं आणि सीमेपलीकडे क्रॉयत्सलिंगेनला राहायला जायचं. अंतर किती? आमच्या दारापासून पायी वीस मिनिटं. पण मध्ये देश बदलतो ना...

हे खूळ माझ्या नवऱ्याच्या, टिलच्या डोक्यात भरवलं रेटोनं. रेटो म्हणजे माझ्या नणंदेचा, आन्याचा नवरा, अस्सल स्विस, क्रॉयत्सलिंगेनचाच. दर शनिवारी बायको-मुलांसकट इथे उगवतो, पाय पसरून माझी कॉफी पितो आणि मला ऐकवतो, "कसंय वहिनी, पगार दुप्पट, कर निम्मा."

आता तुम्हाला सांगते, एवढा दुप्पट पगार, तर हा बाजार करायला आमच्याकडे का येतो? चीज इथलं, साबण इथला, अगदी दाढीची पातीसुद्धा इथली. वर जकात नाक्यावर हिरव्या चिठ्ठीवर शिक्का मारून घेतो, म्हणजे आमच्या सरकारनं लावलेला करही परत! मांस मात्र माणशी एक किलोच नेता येतं, म्हणून हा युलाला गाडीत बसवतो. "चल पोरी, काकाबरोबर फेरी मारून येऊ." फेरी कसली डोंबलाची! साडेचार वर्षांची माझी लेक यांच्या लेखी एक किलो मांस. आणि मी? मी तिला जाऊ देते, कारण तेवढाच तासभर मला पडायला मिळतं. आई म्हणवते स्वतःला.

तर या शनिवारी मी ठरवलं, पुरे झालं, आपण शिकलेल्या आहोत. कागद-पेन्सिल घेऊन रेटोसमोर बसले. घरभाडं? तो खोकला. भाडंही दुप्पट. आजारपणाचा विमा? माणशी वेगळा. युलाचासुद्धा? तिचासुद्धा. आणि एवढं भरून डॉक्टरकडे गेलं की पहिले काही शे फ्रँक आपल्याच खिशातले. "पण वहिनी, कर निम्मा..." अरे, निम्म्या कराचं काय लोणचं घालू?

मग विचारलं, शाळेचं काय? तर आन्या म्हणाली, "मुलं बारा वाजता जेवायला घरी येतात. दीडला परत जातात."

"रोज?"

"मंगळवारी शाळेत जेवता येतं. पैसे वेगळे."

बाकीचे दिवस कोण वाढतं, हे विचारावंच लागलं नाही. आमची आन्या पूल बांधणारी इंजिनियर होती हो! आता बाराच्या ठोक्याला शेवया उकळते. म्हणजे बघा, दुप्पट पगार कसला? बायकोचा पगार बंद करायचा, नवऱ्याचा वाढवायचा आणि त्याला श्रीमंती म्हणायचं! मी पेन्सिल खाली ठेवली. टिलचं तोंड पडलं. रेटो पुटपुटला, "तरीपण, कर निम्मा..." त्यात काही जोर नव्हता.

जिंकले होते मी. तिथेच उठायला हवं होतं. पण नाही, मला शेवटचा खिळा ठोकायचा होता. मी युलाला मांडीवर घेतलं आणि सगळ्यांदेखत, अगदी गोड आवाजात विचारलं, "काय गं, तुला इथली संध्याकाळी साडेचारपर्यंतची शाळाच आवडते ना? की तिकडे जायचं, जिथे रोज दुपारी आईनं घरी जेवायला वाढायचं?"

युलानं माझ्याकडे पाहिलं, आन्याकडे पाहिलं, नीट विचार केला आणि म्हणाली, "तिकडे जाऊ. पण जेवायला मी आत्याकडेच जाणार."