डाव्या बाजूचे पिवळे दिवे

कुंदन : ताई, तू आधी सायकलवरून उतर. धाप लागलीय तुला. बस या टायरवर, चहा सांगतो.

शुभांगी : चहा राहू दे. तो गॅरेजचा राजू वायरमन पाना घेऊन ट्रकवरच्या आपल्या आण्णांच्या दिव्यांना भिडलाय, त्याला थांबव आधी.

कुंदन : तुला कोणी सांगितलं?

शुभांगी : सोमनाथकाकांनी फोन केला.

कुंदन : काका, तुम्ही माझ्या गाडीवर ड्रायव्हर हाय का हिचे हेर?

सोमनाथ : तू रांगत होता ना, तवापासून मी तुझ्या बापाचा क्लीनर. वाटलं, पोरीच्या कानावर घालावं. आता तुम्ही भाऊबहीण नि तुमचं तुम्ही.

कुंदन : पण बिघडलं काय एवढं? उद्या दसरा. गाडी धुतली, हार सांगितला, आता बाजूनं निळ्या पट्ट्या मारतोय. पळत्या. मागून पुढं उजेड पळत जातो. लासलगावला कांदा भरायला लायनीत उभं राहिलं की निम्म्या गाड्यांना हायेत तसल्या. माझीच तेवढी कंदील टांगल्यावानी उभी.

शुभांगी : मग निळ्या पट्ट्या पुढं लाव. केबिनला लाव, देवाला लाव. बाजूचे दिवे कशाला काढतोस?

कुंदन : ते भंगार झालेत, ताई. आण्णाची गाडी मोडीत गेली, तिचे दिवे मी या गाडीला आणून लावले, ते पण आईच्या हट्टापायी. किती दिवस सांभाळायचे?

शुभांगी : मागच्या रविवारी मी नि माझी मैत्रीण वेदिका पिंपळगावहून सायकलनं परत येत होतो. दिवेलागणीची वेळ. पुढं डिव्हायडर तुटलाय, तिथून एक लांबडा ट्रेलर आडवा वळत होता. मला काय दिसलं सांगू? पुढचे हेडलाइट दिसले, ते डावीकडं निघून गेले. उजवीकडं लांबवर एक लाल ठिपका. मधे नुसता काळोख. मला वाटलं दोन गाड्या आहेत. एक गेली, दुसरीला अवकाश आहे. मी त्या मधल्या काळोखाला रस्ता समजले.

कुंदन : मंग?

शुभांगी : वेदिका मागून किंचाळली. ब्रेक दाबला तेव्हा त्याचं चाक माझ्यापासून हातभर.

सोमनाथ : आई गं.

कुंदन : हे दाजींना सांगितलंस?

शुभांगी : नाही. तूही सांगू नकोस, माझी सायकल बंद होईल.

कुंदन : बरं, मी बाजूनं रेडियम लावतो. चांगलं रुंद. मग तर झालं?

शुभांगी : रेडियमला आपला स्वतःचा उजेड नसतो. तुझे हेडलाइट पडले की तुला ते झगझगीत दिसतं. माझ्या सायकलच्या एवढ्याशा दिव्याचा उजेड तिथवर पोचतो कुठे? आणि पळत्या पट्ट्यांचं तर विचारूच नकोस. ओझरच्या अलीकडं एक गाडी दिसली, दिवे मागून पुढं पळतायत. मी आपली समजत होते चाललीय. जवळ गेले तर पंक्चर होऊन उभी. दिवे तेवढे पळत होते.

सोमनाथ : हे खरं हाय, कुंदन. मी एवढा जुना ड्रायव्हर, मला बी फसवतात ते.

कुंदन : तुम्ही दोघं ठरवूनच आलाय. मग माझं पण ऐका. विंचूर चौफुलीवरचा चहावाला काय म्हणतो? वाळूआण्णाची गाडी आली. हमाल काय म्हणतात? वाळूआण्णाची गाडी लावा. आण्णाला जाऊन दोन वर्षं झाली. ही गाडी मी घेतली, मी राबतो हिच्यापायी. तरी लांबून ते पिवळे दिवे दिसले की ती त्याचीच. कधी होणार माझी?

शुभांगी : हे असं आहे होय.

कुंदन : असंच हाय.

शुभांगी : अरे, मग मोठ्या अक्षरात नाव टाक तुझं. पण कुंदन, मी त्या दिव्यांच्या उजेडात वाढलेय रे. ओझरला टायपिंगचा क्लास सुटायचा तेव्हा अंधारून आलेलं असायचं. सायकलला डायनामो होता, पण तो टेकवला की पायडल जड जायचं, म्हणून मी तशीच यायचे. मागून गाडीचा आवाज यायचा. हॉर्न कधी नाही. आधी माझीच सावली लांबच लांब पुढं पडायची, मग ते दिवे एकेक करत शेजारी यायचे. रस्त्याची कड पिवळी व्हायची. खडी, बाभळीचा काटा, सगळं दिसायचं. वर केबिनमधलं मात्र काही दिसायचं नाही. पण बाप आहे, एवढं कळायचं. आपल्या फाट्यापर्यंत गाडी माझ्या चालीनं यायची. तेवढं सुख मला पुढं कशात मिळालं नाही, खोटं कशाला बोलू?

कुंदन : आण्णा ते फक्त तुझ्यासाठी करत होता, असं वाटतं ना तुला?

शुभांगी : म्हणजे?

कुंदन : सांगा की काका.

सोमनाथ : आता काय सांगू. दिव्यांना त्या पत्र्याच्या टोप्या हायेत ना, उजेड खाली पाडायच्या, त्या वाळूआण्णानं मार्केटात गाडी मागं घेताना कड दिसावी म्हणून बसवल्या. एकदा काय झालं, कारखान्याची पाळी सुटलेली, एक कामगार सायकलवर आमच्या उजेडात चालला. आण्णा पुढं काढेना. मी म्हणलं, काढा की. तर म्हणाला, आपण गेलो की ह्याला पुन्हा अंधार. तवापासून सवयच लागली. कोणी का असंना. फुलं घेऊन जाणारा असो नाहीतर दूधवाला.

शुभांगी : मला हे माहीत नव्हतं.

कुंदन : मला माहीत होतं ना. शाळेला सुट्टी असली की मी त्याच्यासंगं जायचो. गाडी बैलगाडीवानी चालायची. मागच्या गाड्या हॉर्न मारून कान फोडायच्या. नि आण्णाची नजर डाव्या आरशावर. आरसा कुठं? माझ्या पलीकडं. मी काही सांगायला लागलो की म्हणायचा, मागं सरक, आरसा दिसंना. तू खाली उजेडात. मी वर त्याच्याजवळ बसलेलो, तरी त्याला दिसत होती तूच, नाहीतर कोणतरी सायकलवाला. मला सांग ताई, मी काय म्हणून जपू ते दिवे?

सोमनाथ : पोरं आपल्या आत काय काय ठेवतात, बापाला पत्ता नसतो.

शुभांगी : कुंदन, तू ते दिवे कधी बाहेरून बघितलेस?

कुंदन : रोज पुसतो की.

शुभांगी : उभ्या गाडीचे नाही. चालत्या गाडीचे, सायकलवर बसून.

कुंदन : नाय. मी कायम आतच.

शुभांगी : मग ही घे माझी सायकल. काका, गाडी काढा. सर्व्हिस रोडनं जाऊ, गर्दी नाहीय. परत आल्यावर तुला काढावेसे वाटले तर काढ, मी शब्द बोलणार नाही.

कुंदन : एवढ्या बारक्या सीटवर बसू मी? लोक हसतील.

सोमनाथ : हसू दे. अंधारात कोण ओळखतंय.

(आडगावजवळचा सर्व्हिस रोड. सोमनाथ गाडी चालवतो आहे, शुभांगी डावीकडच्या सीटवर आहे. तिच्या बाजूची काच खाली. कुंदन सायकलवर, गाडीच्या बरोबरीने.)

सोमनाथ : पोरी, जरा मागं सरक. आरसा दिसंना.

शुभांगी : सरकले. काका, हा तर अख्खा दिसतोय आरशात. चाक, हात, कपाळावरचा घाम. चेहरासुद्धा.

सोमनाथ : दिसणारच. उजेड त्याच्यावर पडतोय ना. आण्णा म्हणायचा, आपल्याला तो दिसतोय तोवर आपल्या हातून त्याला काय व्हायचं नाय.

शुभांगी : आणि मी समजत होते, मला एकटीलाच उजेड लागत होता.

सोमनाथ : आण्णाला बी लागायचा. लेकरू शेजारी सीटवर बसलं की त्याची काळजी वाटत नाय गं. रस्त्यावरच्याची वाटते. कुंदनला हे कोणी सांगितलं नाय कधी. मी तरी सांगायला पायजे होतं.

शुभांगी : कुंदन, ऐकू येतंय का रे?

कुंदन : येतंय. काच खाली हाय ना. सगळं येतंय.

शुभांगी : कसं वाटतंय?

कुंदन : खड्डा आधीच दिसतो. नि गाडी कुठं सुरू होते, कुठं संपते, ते पण कळतं. भीती नाय वाटत.

शुभांगी : वर बघ. मी दिसते?

कुंदन : नाय. काळं दिसतंय नुसतं. कोणीतरी हाय, एवढं कळतंय.

शुभांगी : मी आहे. नि काका.

कुंदन : हां.

सोमनाथ : कुंदन, पूल आला. इथून वळवू का गाडी गॅरेजला? राजू थांबलाय.

कुंदन : राजूला फोन करून घरी जायला सांगा. तुम्ही चला असेच पुढं, काका. हळूच घ्या. मला घाई नाय.