एका वेळी एकच बॉक्स

नाही, तसं नका करू — एकच लावा. खोली केवढी, हे स्पीकरचे बॉक्स केवढे, दोन्ही एकदम लावलेत तर बेस राहील बाजूला आणि नुसती खिडकीच वाजेल. आधी हा जुना ऐका, मग वायर काढा, त्या दुसऱ्यात घाला, तो ऐका. मीही असंच करतो. एका वेळी एकच. आणि ती गिटारची वायर नको हं, ॲम्पमधून बॉक्सकडे जाताना ही जाड वायर लागते, बारीक घातली की तापते, आणि मग ॲम्प गेला की माणसं ॲम्प बनवणाऱ्याच्या नावानं बोटं मोडतात — तुम्हाला माहीत असणार म्हणा, तुम्ही वाजवणारे, मी आपला उगाच. बसा, स्टूल घ्या. चहा टाकला असता, पण वहिनी बाहेर गेलीय आणि माझ्या हातचा चहा प्यायला की माणूस सौदा मोडून जातो.

जोडी? हो, जाहिरातीत जोडीच म्हटलंय. जोडीच द्यायची आहे, एक ठेवून मी काय करू, त्यावर टीव्ही ठेवू? जोडीच न्या — पण वाजवताना एक वाजवा. म्हणजे तुम्ही फोनवर म्हणालात ना, छोटे छोटे हॉल असतात, त्याला एक पुरे. दुसरा असू दे घरात, अडीनडीला. नाही नाही, बिघडलेला नाही, चांगला मजबूत आहे, मी स्वतः केलाय. हा डावीकडचा. उजवा विकतचा आणि हा मी केलेला. कळत नाही ना? जाड प्लायवुड आहे, आतून आडव्या पट्ट्या मारल्यात म्हणून फळी थरथरत नाही, पुढे हवेला फट ठेवलीय ती जुन्याच्या मापाबरहुकूम. वरचं काळं कापड मात्र दादानं चिकटवलं. मी म्हटलं कोपरे मला दे, तर म्हणाला, सुताराचं काम तू केलंस, आता शिंप्याचं मला करू दे. कोपरे बघा त्याचे. एक सुरकुती सापडणार नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. हे सगळं त्याचंच, ॲम्प, बॉक्स, तुमच्या मांडीवरचा बेस गिटारसुद्धा — बेस विकायचा नाहीये, तो फक्त ऐकण्यापुरता दिलाय तुम्हाला. हा ॲम्प घ्यायला आम्ही दोघं गेलो होतो. दुकानदार सांगतोय, याचे वॉट इतके, त्याचे तितके, आणि दादा म्हणाला, वॉट राहू द्या, याला एक सूर धरू द्या. मग मी सगळ्यात जाड तार धरून बसलो आणि हा दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून. एक ॲम्प झाला, दुसरा झाला, दुकानदार जांभया द्यायला लागला, माझं बोट सुजलं. या ॲम्पला तो मागे न वळता म्हणाला, हा घेऊ. का, तर म्हणे याच्यात सूर संपताना पण कळतो. असे कान होते. आहेत. होते — तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा.

का विकतोय म्हणजे? त्याला ऐकू येत नाही आता. बहिरा नाही हो, तसं नाही, पण बेसवाल्याला खालचे सूर ऐकू यायला नकोत? मास्तर म्हणून आहेत एक, की-बोर्ड वाजवतात, त्यांच्या बँडमध्ये दादा पहिल्यापासून. आणि मी पहिल्यापासून हमाल. बॉक्स जिन्यावरून चढवायचे, वायरी गुंडाळायच्या, दादाला ताप आला तर त्याच्या जागी उभं राहायचं — वाजवायला त्यानंच शिकवलंय मला. पुढे बँडला मोठे हॉल मिळायला लागले, एक बॉक्स अपुरा पडायला लागला. दादा विकत घेणार होता. मीच म्हटलं, कशाला, मी करतो. हौस माझी.

तर दोन बॉक्स घेऊन पहिला कार्यक्रम झाला, आणि पहिल्याच गाण्याला दादानं मागे वळून बॉक्सकडे बघितलं. मग माझ्याकडे. खुणेनं विचारलं, ऐकू येतंय? मी समोर बसलेलो, मला छान येत होतं, मी अंगठा दाखवला. मास्तरांना विचारलं, ते म्हणाले भरपूर. येणारच ना भरपूर, हॉलच्या मोठ्या स्पीकरना बेस ॲम्पमधून वेगळ्या वायरनं जातो, त्याचा या बॉक्सशी काय संबंध? लोकांना हॉलचे स्पीकर, मास्तरांना त्यांच्या पायाशी त्यांचा स्पीकर. दादाला तसला चालत नाही, त्याला पाठीशी आपले बॉक्सच हवेत. तर सगळ्यांना ऐकू येतंय आणि त्याला एकट्याला येत नाही. म्हणाला, मला माझ्या बोटांची नुसती टकटक येतेय, खालचं सगळं गेलंय. मग त्यानं आवाज वाढवला. मग तारा जोरात ओढायला लागला. आणि जोरात ओढायला लागलं की ताल सुटतो, तुम्हाला ठाऊक आहे. प्रत्येक कार्यक्रमाला तेच.

मास्तर सज्जन माणूस, घरी आले, म्हणाले, थोडे दिवस आराम करा. दादा म्हणाला, थोडे दिवस कशाला, इतकी वर्षं झांजांच्या शेजारी उभा राहिलो, कान गेले माझे, स्पष्ट बोला. मग डॉक्टर. डॉक्टर म्हणाले वयाप्रमाणे वरचे बारीक आवाज जरासे कमी झालेत, खालचे उत्तम आहेत. पण याच्या डोक्यात बसलं ते 'कमी झालेत' एवढंच. आणि माणसानं एकदा ठरवलं ना, मग काय — जेवताना एखादा शब्द निसटला की 'काय म्हणालास?', आणि ते ऐकून वहिनी मोठ्यानं बोलायला लागली, तिचं ऐकून मी. आता घरात आम्ही सगळे ओरडून भाजी मागतो. त्यानं सांगितलेलं नाही ओरडायला. तो नुसता मान खाली घालून जेवतो.

त्याच्या जागी? त्याच्या जागी मी. हो, आता मीच वाजवतो. आयत्या बिळावर नागोबा म्हणा, मला वाईट नाही वाटणार. मला सगळं नीट ऐकू येतं, का, तर मी एकच बॉक्स नेतो, दुसरा उचलायचा कंटाळा —

अहो, ती दुसरी वायर कशाला हातात घेतलीत? म्हटलं ना मी. बरं. बरं, लावा. घेणारा माणूस, जोडी घेतोय, त्याला जोडी वाजवून बघू नको असं किती वेळा सांगणार. लावा.

हं.

वाढवू नका. वाढवून काही होत नाही, आणखी वाढवलंत तर कर्कश होईल तेवढं. आणि कानात बोट घालू नका. कान ठीक आहेत तुमचे.

काय म्हणालात? हो. वायर उलटी आहे. हो, मी केलेल्यातली. अधिकाची उण्याला, उण्याची अधिकाला. तुम्ही तर लगेच ओळखलंत. दोन्ही वायरी काळ्या होत्या, एकीवर बारीक पांढरी रेघ, आणि मी ती रेघ एका टोकाला अधिक समजलो आणि दुसऱ्या टोकाला उणे. एवढंच. उजवा स्पीकर पुढे येतो तेव्हा डावा मागे जातो, दोन माणसं एकच दार दोन बाजूंनी ढकलतात तसं, आणि खालचे सूर जागच्या जागी मरतात. वेगवेगळे लावले तर दोन्ही उत्तम. आणि मी वेगवेगळेच लावून बघितले होते हो, याच खोलीत, वरचे शेजारी ओरडतात म्हणून. एका वेळी एक. दोन्ही उत्तम म्हणालो आणि दादाला दिले.

त्याच्या कसं लक्षात आलं नाही, हेच मनात आहे ना तुमच्या? माझ्याही होतं. जुन्या बॉक्ससोबत दुसरा कुठलाही विकतचा लावला असता ना, तर पहिल्या मिनिटाला म्हणाला असता, वायर बघा. पण हा मी केलेला. भावानं चार रविवार घालवून केलेला. त्याला माझ्यावर संशय घ्यायचं सुचलंच नाही, त्यानं आपल्याच कानांवर घेतला.

मला कधी कळलं? झाला थोडा काळ. या बॉक्सची उचलायची मूठ खडखडत होती म्हणून मागची फळी उघडली आणि समोर ती पांढरी रेघ, भलत्या टोकाला. मग — मग फळी परत लावली. सगळे स्क्रू आवळून लावले. वायर तशीच ठेवून. आता असं बघू नका माझ्याकडे, मला सांगायचंच होतं, त्याच संध्याकाळी सांगणार होतो, पण त्या संध्याकाळी वहिनी म्हणाली, किती वर्षांनी हे जेवायला वेळेवर असतात. मग शनिवारी कार्यक्रम होता, म्हटलं तो होऊ दे. आणि तो फार चांगला झाला हो. मास्तरांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. इतकी वर्षं बॉक्स उचलले मी, एकदा नाव घेतलं कुणी. मग पुढच्या शनिवारचं ठरलं. येत्या शनिवारीही आहे. असं एकेक शनिवार पुढे ढकलत — आणि मग दादाच म्हणाला, विकून टाक सगळं, नजरेसमोर नको. मी म्हणायला हवं होतं ना, थांब? मी त्याच दुपारी जाहिरात टाकली. चोराच्या मनात चांदणं. जोडी एकदा घराबाहेर गेली की कोण कशाला फळी उघडतंय. तुम्ही उघडली असतीत म्हणा. तुम्ही उघडून नीट केली असतीत आणि मजेत वाजवलं असतं, आणि तो इथे मान खाली घालून जेवत राहिला असता.

कुठे गेलेत विचारा ना दोघं. कानाचं मशीन बघायला. डॉक्टर नको म्हणाले तरी याचा हट्ट. सकाळी निघताना मला म्हणाला, तुला आता घसा ताणायला नको. मी त्याच्या चपला पुढे केल्या. दुसरं काय केलं, चपला पुढे केल्या.

तो स्क्रू ड्रायव्हर द्या जरा. त्या खिळ्यांच्या डब्याच्या मागे आहे. फिरवा बॉक्स, असा, सांभाळून, कापडाला धक्का नको. दहा मिनिटांचंही काम नाही हे, बघा ना — नुसत्या क्लिपा आहेत, खेचायच्या आणि अदलाबदल करायच्या, सोल्डरिंगसुद्धा लागत नाही. ही इकडे. ही इकडे. मी तेव्हाच, समोर असताना — जाऊ दे. फळी राहू दे उघडी. आवाज खाली घ्या आधी, नाहीतर वरचे शेजारी येतील. आता वाजवा. तीच जाड तार, हळू.

हं. हं.

पोटात येतंय ना? बोलू नका, वाजवत राहा. हे असं ऐकायला हवं होतं त्याला, पहिल्या गाण्यापासून. वाजवा, मी नुसतं — थांबलात का? दाराकडे काय बघताय?

दादा. कधी आलास? नाही, हे गिऱ्हाईक आहेत, बॉक्स बघायला आलेत. वहिनी, तू पिशवी आत ठेव ना जरा. काय, दादा? दोन्ही. हो, दोन्ही चालू आहेत, एकदम. खालचं येतंय? जिन्यातून? येतंय ना. हे मशीन वाटतं, दाखव — वापरून बघायला दिलंय? चांगलं आहे. दिसतसुद्धा नाही.

मशीनमुळे? नाही, वहिनी काय म्हणते ते ऐकलं मी, मशीननं कमाल केली म्हणते, ऐकलं. तू हसतोयस दादा. किती दिवसांनी. हो, मास्तरांना फोन करू की, शनिवारी तूच जा, मला काय, मी बॉक्स उचलीन, मला काही — मशीनमुळेच, हो, म्हणजे —

नाही. दादा, ते काढ. मशीन काढ कानातलं. काढ म्हणतो ना. वहिनी, तू मध्ये बोलू नकोस. तुम्ही निघा हो आता, विकायचं नाहीये काही. नाही, फोनही करू नका. बेस त्याच्याकडे द्या, खाली ठेवू नका, त्याच्या हातात द्या. जाताना दार ओढून घ्या. बस दादा, स्टूल घे. काढलंस? आता वाजव. आणि वाजवून झालं की या बॉक्सच्या मागे बघ, फळी उघडीच आहे.